खिडकी बंद करून शिजवलेली वजडी

मागच्या नाताळात ओळखीच्या एका संशोधक जोडप्याने आम्हा सात-आठ जणांना घरी जेवायला बोलावलं होतं. दोघंही अमेरिकेत शिकून आलेले. सगळा स्वयंपाक एकाच मोठ्या भांड्यात : टर्की चिली. आयएनए मार्केटमधून आणलेल्या टर्कीचा खिमा, राजमा, टोमॅटो, कांदा, सिमला मिरची, जिरं आणि भरपूर लाल तिखट. दोन तास मंद आचेवर रटरटत ठेवलेलं. सोबत पाव. चव चांगली होती, मी दोनदा वाढून घेतलं. खरं सांगायचं तर पहिल्याच घासाला मला आमच्या घरचं कालवण आठवलं. थोडंसं मांस, त्यात पोटभरीचं काहीतरी घालून वाढवलेलं, घट्ट, तिखट, कुस्करून खाण्यासारखं.

घरभर वास भरला होता. चपला काढता काढताच एकजण म्हणाला, काय सुगंध आहे! बाल्कनीचं दार सताड उघडं होतं, स्वयंपाकघराची खिडकीही उघडी. रात्री मेट्रोने परतताना मला टर्कीपेक्षा ती उघडी खिडकीच आठवत राहिली.

कारण मी माझ्या खोलीत मांस शिजवते तेव्हा सगळ्यात आधी खिडकी बंद करते. मग दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबते. मग अगरबत्ती. दिवसा नाहीच, रात्री अकरानंतर. हाडं आणि लसणाची टरफलं वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत, सकाळी कॅम्पसच्या कचरापेटीत. कॅम्पसजवळच्या एका गावात, तिसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. दिल्लीत ‘गाव’ म्हणजे शहराने गिळलेलं जुनं खेडं. मुनिरका, बेर सराय, कटवारिया सराय ही नावं इथे शिकायला आलेल्या प्रत्येकाला पाठ असतात. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण आंटींनी माझी जात विचारली नाही. आडनाव विचारलं, ते त्यांना उमगलं नाही, मराठी आडनावांचा तेवढा एक फायदा. मग विचारलं, ‘बेटा, खाना-पीना तो सादा है ना?’ मी म्हटलं, ‘जी आंटी.’ तेवढ्यावर खोली मिळाली.

एम.ए.ला असताना एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण मी परीक्षेत किती वेळा लिहिलं असेल. खालच्या मानलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलतात, मांस-मद्य सोडतात आणि पिढी-दोन पिढ्यांत वर सरकू पाहतात. मार्क चांगले मिळायचे. ओल्या टॉवेलबद्दल त्या उत्तरात काही नसायचं. आपण वर सरकण्यासाठी काही सोडत नाही, फक्त भाड्याने एक खोली मिळावी म्हणून खोटं बोलतो, आणि ते खोटं मग रोज रात्री सांभाळत बसतो, याला समाजशास्त्रात काय म्हणायचं हे मला अजून सापडलेलं नाही.

हा माझ्या एकटीचा भित्रेपणा असता तर लिहिण्यासारखं काही नव्हतं. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या फरिदाबाद, गाझियाबाद, गुरगाव, नोएडा या शहरांत भाड्याच्या घरांचा अभ्यास केला होता. तो २०१५ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. पद्धत साधी होती : सवर्ण, दलित आणि मुस्लिम अशा वेगवेगळ्या नावांनी घरमालकांना फोन करायचे आणि कोणाला काय उत्तर मिळतं ते नोंदवायचं. फोनवर सवर्ण नावाला नकार मिळाला नाही. दलित नावांपैकी काहींना मिळाला, मुस्लिम नावांपैकी जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला. प्रत्यक्ष भेटीत दोघांचेही नकार आणखी वाढले. घरमालक नेहमी तोंडावर ‘तुम्ही अमुक जातीचे’ असं म्हणत नाहीत. खाण्याबद्दल विचारतात. ‘सादा’ हा शब्द किती सभ्य आहे बघा. जातीचा उच्चार न करता जात विचारायची सोय त्यात आहे.

ईशान्येकडून आलेल्या मित्रमैत्रिणींना तर हे लेखी मिळालं होतं. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्य भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी सूचनांची एक पुस्तिका काढली होती. त्यात बांबूचे कोंब, अखुनी असे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही अशा बेताने करावेत, असा सल्ला होता. म्हणजे शेजाऱ्याचं नाक सांभाळणं ही पोलिसांची जबाबदारी आणि ज्याला घरातून काढतात त्याने आपलं पातेलं सांभाळायचं. पुढे २०१९ मध्ये याच विषयावर ‘अखुनी’ नावाचा सिनेमा आला, दिल्लीतच घडणारा. मी तो हॉस्टेलमधल्या नागा मैत्रिणीबरोबर पाहिला. लोक विनोदाला हसत होते त्या जागी ती हसत नव्हती.

आणि कोणाचं नाक हे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या पुरुषांपैकी ८३ टक्के आणि स्त्रियांपैकी ७० टक्के जण कधी ना कधी मासे, चिकन किंवा मांस खातात असं आढळलं. बहुसंख्य देश खातो. तरी हॉटेलच्या पाटीवर ‘शुद्ध’ हा शब्द एकाच प्रकारच्या जेवणापुढे लागतो. तडक्यातला हिंग तीन मजले खाली जातो, देशी तुपाचा वास जिन्यात तासभर रेंगाळतो, त्याची तक्रार कोणी करत नाही. वास नाकाला येतो हे खरं, पण कुठल्या वासाची तक्रार करायची ते नाक ठरवत नाही.

हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. माहीत असणं आणि लाज वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाज वाटली ती माय आली तेव्हा.

फेब्रुवारीत माय पहिल्यांदा दिल्लीला आली, परभणीहून सचखंड एक्स्प्रेसने, धाकट्या भावाला सोबत घेऊन. पिशवीत शेंगदाण्याची चटणी, काळं तिखट आणि स्टीलच्या डब्यात येसूर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : मराठवाड्यात बाजरी किंवा ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरे, खोबरं असं सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळतात. घरागणिक प्रमाण बदलतं. ते कालवणात घातलं की पाणचट रस्साही घट्ट होतो. पावशेर मटणात दहा माणसं जेवायची असतील तर येसूरशिवाय भागत नाही. त्या चिलीत राजमा जे काम करत होता तेच आमच्याकडे येसूर करतो.

संध्याकाळी माय म्हणाली, ‘मटण आणलीस का नाही?’

‘इथं नको माय. वास जातो खाली.’

‘कुणाला?’

‘आंटीला. मी खात नाही म्हणून सांगितलंय.’

माय थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग डब्याचं झाकण लावत म्हणाली, ‘आम्ही पाटलाच्या वाड्यापुढून टोपलं झाकून न्यायचो. तू बी झाकायलीस का अजून?’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. माझ्या शिक्षणासाठी तिने काय काय विकलं ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्या बहुतेकांच्या घरी तीच यादी आहे. पण एवढं सगळं करून पोरगी कुठवर पोचली, असं विचारायचा तिला हक्क होता, आणि उत्तर होतं ओला टॉवेल.

दुसऱ्या दिवशी मी जामिया नगरातून एक किलो वजडी आणली. इथे तिला ओझडी म्हणतात. मटणाच्या भावाच्या पाव हिश्श्यात मिळते. दुकानदाराने न सांगताच काळ्या पिशवीत घातली आणि वर आणखी एक पिशवी चढवली. या शहरात मांस घरी कसं न्यायचं हे गिऱ्हाइकापेक्षा त्याला जास्त कळतं. मग मायने बाह्या सावरल्या. उकळत्या पाण्यात बुडवून सुरीच्या पाठीने काळी साल खरवडून काढायची, चार-पाच पाण्यांनी धुवायची, हळद-मीठ घालून एक उकळी देऊन ते पाणी फेकायचं, परत धुवायची, मग बोटाएवढे तुकडे. दीड तास नुसत्या साफसफाईला. नंतर कुकरला सात-आठ शिट्ट्या. दुसरीकडे पाच कांदे तेलात लालबुंद होईपर्यंत परतायचे, एक अख्खी गड्डी लसूण आणि आलं ठेचून, दोन चमचे काळं तिखट, त्यात शिजलेली वजडी तिच्या रसासकट. शेवटी तीन चमचे येसूर गार पाण्यात कालवून ओतायचा आणि ढवळत राहायचं, नाहीतर गुठळ्या होतात. ज्वारीचं पीठ शोधायला वेळ नव्हता. हिवाळा सरत होता पण वाण्याकडे बाजरीचं मिळालं. भाकरी मायने तव्यावरच शेकल्या, थापायला परात नव्हती, ओट्यावरच थापल्या.

शिट्ट्या सुरू व्हायच्या आधी माय स्वतः उठली आणि खिडकी बंद केली. म्हणाली, ‘उगं तुझी खोली जायची.’ ती भाकरी मला गोड लागली नाही.

आता त्या चिलीकडे परत येते, कारण तिचा इतिहास नंतर वाचला तेव्हा मी चकित झाले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहराच्या चौकांत १८८० च्या दशकापासून मेक्सिकन वंशाच्या बायका संध्याकाळी चुली मांडून मांस-मिरचीचं हे कालवण विकायच्या. त्यांना ‘चिली क्वीन्स’ म्हणत. मजूर, सैनिक, प्रवासी सगळे तिथे खायचे. १८९० च्या दशकात गेबहार्ट नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताने त्या चवीचा तयार मसाला बाजारात आणला आणि ती चव कारखान्यातून देशभर गेली. बायकांचं काय झालं? १९३० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या काही वर्षांत आरोग्य खात्याच्या स्वच्छतेच्या नियमांनी त्यांना चौकांतून उठवलं. १९७७ साली चिली हा टेक्सासचा अधिकृत राज्यपदार्थ झाला. आता गोमांस जड म्हणून त्यात टर्की घालतात आणि ती पौष्टिक ठरते. पदार्थ वर गेला, करणाऱ्या हातांना अस्वच्छ ठरवून मागे ठेवलं. दिल्लीतल्या महागड्या रेस्टॉरंटात वजडी, भेजा, नळी यांना आता चांगले दिवस येताहेत असं मित्र सांगतात. येऊ देत. तिथे खिडकी बंद करावी लागत नसणार.

आपल्याकडे या जेवणाची नोंद झाली ती फार उशिरा. पुणे विद्यापीठात शर्मिला रेगे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दलित स्त्रियांच्या अन्न-आठवणींचं काम पुढे आणलं. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं, मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या खाण्याचं पुस्तक. २०२४ मध्ये भूषण कोरगावकरांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद आल्यावर दिल्लीतल्या माझ्या वर्गमित्रांनी ते वाचलं आणि मला पाककृती विचारायला लागले. त्यातल्या एकालाही मी खोलीवर बोलावू शकले नाही.

पण इथे एक सावधपणा हवा. आपल्या तरुण पोरांमध्ये, माझ्यासकट, या अन्नाचं कौतुक कधी कधी हाताबाहेर जातं. वजडी, रक्ती, चान्या ही नावं पोस्टरवर छान दिसतात. आजीला ती नावं भुकेची होती. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं, आणि आमच्या आजीच्या माहेरी मेलेली ढोरं ओढणं आणि ते मांस खाणं बंद झालं. हा त्याग त्या माणसांनी उपाशीपोटी केला, त्याची किंमत आपण चुकवलेली नाही. तो मांसाचा त्याग नव्हता. लादलेल्या कामाचा आणि त्या कामाच्या मोबदल्यात फेकलेल्या अन्नाचा तो नकार होता. त्याच बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’मध्ये ब्राह्मण शाकाहारी का झाले असा उलटा प्रश्न विचारला आणि गोमांस खाण्याचा अस्पृश्यतेशी असलेला संबंध इतिहासातून मांडला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने सांगितल्या आहेत, सोयीची तेवढी उचलायची नाही. आज आमच्याच भावकीत धम्माच्या वाटेने मांस सोडलेली घरं आहेत. त्यांच्या ताटाला मी हात लावणार नाही. ती खिडकी बंद करत नाहीत आणि दुसऱ्याला करायला लावत नाहीत, मला तेवढं पुरे.

दुसरी गोष्ट पुरुष मित्रांसाठी. ‘ताई, एकदा वजडी कर ना, गावची आठवण येते.’ दर महिन्याला कोणीतरी म्हणतं. तो दीड तासाचा खरवडण्याचा भाग मी वर मुद्दाम लिहिला आहे. सांस्कृतिक अस्मिता बहिणीच्या नखांतून काढून घ्यायची नसते. सुरी घ्या, या.

आणि तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. माझी वजडी बकऱ्याची, कायद्याने तिला काहीच अडचण नाही. फार तर माझी खोली जाईल. २८ सप्टेंबर २०१५ च्या रात्री, याच एनसीआरमध्ये, दादरीजवळच्या बिसाहडा गावात, घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून जमावाने मोहम्मद अखलाक यांना मारून टाकलं. मग त्यांच्या घरातलं मांस तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलं गेलं. माणूस मेल्यावर मांसाची चौकशी. १० एप्रिल २०२२ ला, रामनवमीच्या दिवशी, जेएनयूच्या कावेरी हॉस्टेलमध्ये मेसच्या चिकनवरून मारामारी झाली, विद्यार्थी जखमी झाले. त्यामुळे ‘उघडा खिडक्या’ अशी घोषणा मी देणार नाही. ज्या मुस्लिम विद्यार्थ्याला आधीच कुठे खोली मिळत नाही, ज्या नागा मुलीला जिन्यात टोमणे ऐकावे लागतात, त्यांच्या जिवावर माझं धैर्य दाखवायचं मला काही कारण नाही.

मग माझं म्हणणं कोणाला उद्देशून आहे? आपल्याच लोकांना. ज्यांच्या हातात किल्ली आली आहे त्यांना.

हे अवघड जातं लिहायला. गेल्या वर्षी मी नोएडात एक खोली बघायला गेले होते. फ्लॅटचे मालक आपलेच, विदर्भातले, सरकारी नोकरीत. हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, शेजारी संविधानाची उद्देशिका. मला बघून त्यांना आनंद झाला, चहा झाला, माझ्या पीएच.डी.च्या विषयावर बोलणं झालं. निघताना काकू हळूच म्हणाल्या, ‘फक्त एक आहे बेटा. आम्ही खातो रविवारी, पण सोसायटीत सगळे तसे आहेत. भाडेकरूला आम्ही व्हेजच सांगतो. उगीच लोकांच्या नजरेत यायला नको.’ काकूंना दोष द्यायला मला जीभ झाली नाही. त्या स्वतः रविवारी एक्झॉस्ट फॅन लावून शिजवत असतील. माझ्या टॉवेलचीच ती पुढची पायरी, जरा महागडी.

पण विचार करा, किती जण आहोत आता. पहिल्या पिढीतले पदवीधर आता नोएडा, द्वारका, गाझियाबादमध्ये, पुण्यात, नागपुरात फ्लॅटचे मालक आहेत. कोणी हॉस्टेलचे वॉर्डन आहेत, कोणी मेस कमिटीवर, कोणी सोसायटीच्या कमिटीत. भाड्याची जाहिरात टाकताना ‘व्हेज प्रेफर्ड’ ही ओळ न टाकायला आंदोलन लागत नाही. मुलाखतीत खाण्याबद्दल न विचारायला लागत नाही. मेसच्या मीटिंगमध्ये वेगळ्या टेबलाचा विषय निघाला की गप्प न बसायला थोडं धैर्य लागतं, पण जीव जात नाही. दादरीचं भय खरं आहे, पण स्वतःच्या नावावर असलेल्या फ्लॅटमध्ये आपण ज्याला भितो ते बहुतेक वेळा लिफ्टमध्ये भेटणारं एखादं कुटुंब असतं. ज्याला खोलीच मिळत नाही त्याने भ्यावं, हे समजतं. ज्याच्या नावावर खोली आहे तो भाडेकरूला खिडकी लावायला सांगतो तेव्हा ते भय राहत नाही. तो त्या नाकाची चाकरी करत असतो.

मी आंटींना सांगितलं. माय गेल्यानंतर आठवड्याने, भाडं द्यायला गेले तेव्हा. म्हटलं, आंटी, मी नॉनव्हेज खाते आणि खोलीत बनवते, आधी खोटं बोलले. त्यांनी नोटा मोजल्या. म्हणाल्या, ‘पता है बेटा, सब पता है. बू तो आती ही है.’ मग म्हणाल्या, साहेब असतात तेव्हा करू नको, मंगळवारी तर नाहीच. खोली आहे अजून. किती दिवस राहील ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात करार संपतो आणि त्यांच्या बोलण्यात भाडेवाढीचा सूर आहे. दुसरी खोली शोधते आहे, या वेळी आधीच सांगून. आतापर्यंत दोन ठिकाणी नाही म्हणाले.

रविवारी वजडीत राजमा घालून पाहिला. येसूर अर्धाच घातला. चांगलं लागतं, फक्त राजमा आदल्या रात्री भिजवायचा आणि वेगळा शिजवायचा, वजडीबरोबर नाही, नाहीतर त्याचा पार लगदा होतो. खिडकी अर्धी उघडी होती. मायला फोनवर सांगितलं तर म्हणाली, ‘राजमा कशाला? येसूर संपला का?’ अर्धा डबा आहे म्हटलं. ती म्हणाली, मावसभाऊ पुढच्या आठवड्यात सचखंडने अमृतसरला चाललाय, नवी दिल्ली स्टेशनला डबा घ्यायला जा.